मेटलची वॉल की टिश्यूची? हृदयाची झडप निवडण्याआधी

माझ्या मामांना एक्केचाळिसाव्या वर्षी हृदयाची झडप बदलायला सांगितली, तेव्हा सर्जननी कागदावर दोन गोल काढले. एकाखाली लिहिलं ‘मेटल’, दुसऱ्याखाली ‘टिश्यू’. म्हणाले, दोन्ही चांगल्या आहेत, घरी बोलून उद्या सांगा. त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर मामी, दोघे काका आणि गावाहून आलेले एक शिक्षक बसले होते. झडप म्हणजे नेमकं काय हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. पहाटे कुणीतरी म्हणालं, “जास्त टिकते ती घ्या की,” आणि मेटलची ठरली.

आज मागे वळून बघताना वाटतं, मामांसाठी तीच बरोबर होती. पण ‘टिकते किती’ एवढ्या एका प्रश्नावर हा सौदा करू नये. तो प्रश्न विचारायचाच, पण त्याच्यामागे आणखी चार प्रश्न उभे असतात, आणि ते त्या बाकावर कुणाच्या डोक्यातच आले नव्हते. त्यांच्यासाठी हा लेख.

आधी झडपेचं काम. विहिरीवरच्या पंपाला खाली फूटवॉल असते. पाणी वर चढलं की ती मिटते आणि त्याला परत खाली येऊ देत नाही. हृदयात अशा चार झडपा आहेत. त्यांतल्या डाव्या बाजूच्या दोन सर्वांत जास्त दाब सोसतात, आणि बदलायची वेळ बहुतेक वेळा त्यांच्यावरच येते. मायट्रल ही डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधली, तर एऑर्टिक ही हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी असलेली. बिघाड दोन तऱ्हेचा असतो. झडप पुरती उघडत नाही, किंवा पुरती मिटत नाही. काहींच्या नशिबी दोन्ही येतं. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला लाखभर उघडझाप होते, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींच्या वर. कुठलीही बनावट वस्तू हे किती वर्षं झेलेल, याचा विचार या आकड्यापासून सुरू करायला हवा.

युरोप-अमेरिकेत झडप बदलायला आलेला माणूस बहुधा सत्तरी ओलांडलेला असतो. म्हातारपणी झडपेवर कॅल्शियमची पुटं चढतात आणि ती दगडासारखी होते. आपल्याकडे मात्र त्याच वॉर्डात पंचविशीतली मुलगी दिसते. लहानपणी घसा दुखला, ताप आला, गुडघे-घोटे सुजले आणि आठवड्याभरात सगळं उतरलं. घरच्यांनी ‘वाताचा ताप’ म्हणून सोडून दिलं. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढायला शरीरानं जी हत्यारं बनवली, ती स्वतःच्याच झडपांवर उलटली. असे ताप पुन्हा पुन्हा आले की पाकळ्या जाड होतात, कडांना चिकटतात आणि आखडतात. हा ऱ्हुमॅटिक हृदयविकार. दर तीन आठवड्यांनी घ्यायचं पेनिसिलिनचं इंजेक्शन हा वार थोपवू शकतं. ते इंजेक्शन सुटतं म्हणून पुढचं सगळं मागे लागतं.

यामुळेच परदेशातला वयाचा तक्ता आपल्या माणसाला तसाच्या तसा लावता येत नाही. त्याकडे येऊच.

त्याआधी एक गोष्ट. झडप बदलणं हा शेवटचा उपाय आहे. मायट्रल आखडली असेल आणि पाकळ्या अजून लवचिक असतील, तर मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन चिकटलेल्या कडा मोकळ्या करता येतात. छाती उघडावी लागत नाही. झडप गळत असेल तर अनेकदा ती शिवून, कडेनं रिंग बसवून दुरुस्त होते. स्वतःची दुरुस्त केलेली झडप बहुतेक वेळा विकतच्या झडपेपेक्षा बरी. म्हणून सर्जनना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: “दुरुस्त होण्यासारखी आहे का?” ऱ्हुमॅटिक झडपेच्या बाबतीत उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असं येतं, पण विचारायला हवं.

मेटलची झडप

मेटल म्हणतात खरं, पण आजच्या बहुतेक झडपांत उघडझाप करणारा भाग धातूचा नसतो. १९६० साली अमेरिकेत ओरेगनमध्ये अल्बर्ट स्टार या सर्जननी आणि लोवेल एडवर्ड्स या निवृत्त इंजिनिअरनी जी झडप बसवायला सुरुवात केली, ती पिंजऱ्यात अडकवलेल्या चेंडूसारखी होती. रक्ताच्या दाबानं चेंडू वर उचलला जाई आणि खाली बसला की वाट बंद. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण ती झडप घेऊन लोक दशकं जगले. मग एका बाजूनं कलणाऱ्या चकतीच्या झडपा आल्या. १९७७पासून दोन अर्धगोल पाकळ्यांची झडप आली, तीच आज सर्वांत जास्त वापरात आहे. तिच्या पाकळ्या पायरोलिटिक कार्बनच्या असतात. हे द्रव्य अतिशय कठीण, गुळगुळीत आणि झिजायला नाखूश.

भारतानं स्वतःची झडप बनवली ती तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा तिरुनाल संस्थेत. डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकापासून तिच्यामागे होते. आधीचे तीन नमुने फसले. एकात तर नीलमासारख्या कठीण कृत्रिम स्फटिकाची चकती होती, आणि प्राण्यांवरच्या चाचणीत ती फुटली. शेवटी चकतीसाठी निवडलं गेलं ते एक प्रकारचं चिवट प्लास्टिक. चौकट कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूची आणि टाके घालायची कडा पॉलिएस्टरच्या कापडाची. ६ डिसेंबर १९९० रोजी ही झडप पहिल्यांदा माणसाला बसली. आज चित्रा झडप बसवलेल्या रुग्णांची संख्या लाखाच्या पुढे गेली आहे. ‘स्वस्त म्हणून कमअस्सल’ असा संशय घेणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की तीन दशकांहून जास्त काळ चालत आलेली वस्तू आहे ही.

उलट महागड्या परदेशी झडपेनंही दगा दिल्याचं उदाहरण आहे. ब्योर्क-शायली नावाच्या झडपेचा एक सुधारित प्रकार सुमारे ८६ हजार लोकांना बसवला गेला. त्यातल्या काहींत चकती धरून ठेवणारी बारीक तार मोडली, शेकडो माणसं गेली आणि १९८६ साली तो प्रकार बाजारातून काढून घेतला गेला. त्यानंतर झडपांच्या चाचण्या फार कडक झाल्या. आजची मेटलची झडप स्वतः मोडणं ही जवळपास न घडणारी गोष्ट आहे. ती माणसाच्या आयुष्यापेक्षा जास्त टिकते.

मग अडचण कुठे आहे? रक्तात. रक्ताला परकी वस्तू कळते. कार्बनच्या गुळगुळीत पाकळीवरही, विशेषतः बिजागरीच्या खाचेत, बारीक गुठळी धरू शकते. ती सुटली तर मेंदूत जाऊन लकवा होतो. तिथेच वाढली तर झडप अडकते, आणि माणूस काही तासांत धापा टाकायला लागतो. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यायची. वॉरफॅरिन, किंवा आपल्याकडे जास्त चालते ती ॲसिट्रॉम.

यातल्या वॉरफॅरिनची गोष्ट मोठी मजेशीर आहे. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिका-कॅनडातली गुरं कुजकं गवत खाऊन रक्तस्रावानं मरत होती. त्या गवतातल्या द्रव्याचा विस्कॉन्सिनच्या विद्यापीठात शोध लागला. १९४८ साली त्याच घराण्यातलं औषध उंदीर मारायला विकायला काढलं आणि १९५४ साली तेच माणसांसाठी मंजूर झालं. तेव्हा ‘ही उंदराची गोळी आहे’ असं कुणी सांगितलं तर ते खोटं नाही. पण तेवढ्यावरून ती बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ.

गोळी मोजूनमापून घ्यावी लागते. ते माप म्हणजे आयएनआर. सर्वसाधारण माणसाचा आयएनआर १ असतो. ढोबळमानानं बोलायचं तर २.५ म्हणजे रक्त गोठायला अडीचपट वेळ. एऑर्टिकच्या जागी आजची दोन पाकळ्यांची झडप असेल आणि दुसरा काही धोका नसेल, तर आयएनआर २ ते ३ ठेवतात. मायट्रलच्या जागी २.५ ते ३.५, कारण तिथं रक्त संथ वाहतं आणि गुठळी लवकर धरते. आकडा खाली गेला की गुठळीची भीती, वर गेला की रक्तस्रावाची. बांधावरून चालल्यासारखं आहे, दोन्हीकडे घसरता येतं.

आणि हा आकडा चंचल असतो. गोळी ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करते, आणि ते जीवनसत्त्व मेथी, पालक, अळू, कोथिंबीर, सगळ्या हिरव्या पाल्यात भरपूर. म्हणून लोक पालेभाजी पार सोडतात. ते चुकीचं आहे. रोज थोडी खाल्ली तर डॉक्टर त्याप्रमाणे गोळी बसवतात. महिनाभर खायची नाही आणि मग मार्गशीर्षात मेथीवर मेथी, यानं आकडा हलतो. अँटिबायोटिक्सनी तो वर उसळू शकतो. क्षयाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिननं तो धाडकन खाली येतो, आणि क्षय आपल्याकडे काही दुर्मीळ नाही. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःच्या मनानं घ्यायचं नाही. कुणी दिलेल्या काढ्यात, चूर्णात काय आहे ते कळत नाही, म्हणून तेही नाही. मामांना एकदा कंबरदुखीसाठी गावातल्या दवाखान्यात कमरेवर इंजेक्शन टोचलं. झडपेचं सांगायचं त्यांच्याकडून राहिलं आणि विचारायचं समोरच्यांकडून. संध्याकाळपर्यंत कुल्ल्यावर रक्त साकळून नारळाएवढी गाठ आली होती.

आता रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत, त्यांना आयएनआर मोजावा लागत नाही. साहजिकच प्रत्येक जण विचारतो, त्या का नाही? मेटलच्या झडपेसाठी त्या चालत नाहीत. त्यांतली डॅबिगॅट्रान देऊन केलेली चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही जास्त झाल्यामुळे थांबवावी लागली आणि तिचे निकाल २०१३ साली आले. पुढे अपिक्साबॅनची चाचणीही मध्येच बंद करावी लागली. हा मुद्दा पक्का लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या कुठल्या आजारासाठी शेजाऱ्याला दिलेली नवी गोळी आपल्यालाही चालेल, असं वाटणं फार सोपं आहे.

टिश्यूची झडप

ही डुकराच्या झडपेपासून किंवा गाय-बैलाच्या हृदयावरच्या आवरणापासून बनवतात. साठच्या दशकाच्या शेवटी फ्रान्सच्या अलँ कार्पांतिए यांनी ग्लुटराल्डिहाइड या रसायनात हा ऊतक, म्हणजे टिश्यू, मुरवायची रीत बसवली. त्यानं ऊतक निर्जीव होतो, टिकाऊ होतो आणि शरीर त्याला पूर्वीसारखं परतवून लावत नाही. कातडं कमावण्यासारखाच हा प्रकार.

काही घरांत जनावराचं नाव ऐकून प्रश्न थांबतो. डुक्कर कुणाला नको, गाय कुणाला नको, मांसच न खाणाऱ्यांना दोन्ही नको. याला हसू नये. बहुतेक सर्जन हे मोकळेपणानं बोलतात आणि कशापासून बनलेली झडप हवी ते विचारतात. संकोच करून गप्प बसायचं आणि शस्त्रक्रियेनंतर कळल्यावर मनात कुढत राहायचं, यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

टिश्यूचा मोठा फायदा म्हणजे गोळी जन्मभर लागत नाही. सुरुवातीचे काही महिने देतात, मग बऱ्याच जणांची बंद होते किंवा फक्त ॲस्पिरिन राहतं. पण मायट्रलच्या रुग्णांत हृदयाची लय पुष्कळदा आधीच बिघडलेली असते. ‘एएफ’ म्हणतात ती. तसं असेल तर टिश्यूची झडप बसवूनही रक्त पातळ करायची गोळी चालूच राहते, आणि या झडपेचा मुख्य फायदा तिथंच निम्मा होतो. हे आधी विचारायचं.

तोटा म्हणजे ती झिजते. हळूहळू कॅल्शियम धरतं, पाकळी ताठरते किंवा फाटते. साधारण दहा ते पंधरा वर्षं धरतात. पण हा आकडा वयानुसार फिरतो. पंचाहत्तरीतल्या आजींना बसवलेली झडप त्यांना जन्मभर पुरू शकते. पंचविशीतल्या अंगात मात्र प्रतिकारशक्ती तल्लख आणि कॅल्शियमची उलाढाल जोरात, त्यामुळे तीच झडप दहा वर्षांच्या आतही खराब होऊ शकते. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया, आणि ती पहिलीपेक्षा अवघड, कारण छातीच्या हाडामागे सगळं चिकटलेलं असतं. कॅल्शियम कमी धरेल अशा नव्या प्रक्रियेच्या झडपा आल्या आहेत. आशादायक आहेत, पण ‘पंचवीस वर्षं टिकते’ हे सिद्ध व्हायला पंचवीस वर्षं जावी लागतात.

दोन्ही झडपांना जंतूंचा धोका सारखाच. दात काढायचा, हिरडीचं काम करायचं तर आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. टिश्यूवाल्यांना वाटतं आपण यातून सुटलो. तसं नाही.

वयाचा तक्ता, आणि त्याच्या पलीकडे

अमेरिकेत १९७७ ते १९८२ या काळात ५७५ पुरुषांना चिठ्ठी टाकावी तशी कुणाला मेटलची, कुणाला टिश्यूची झडप देऊन पंधरा वर्षं बघितलं. मेटलवाल्यांत रक्तस्राव जास्त, टिश्यूवाल्यांत पुन्हा शस्त्रक्रिया जास्त, असंच निघालं. एऑर्टिकच्या जागी मेटलवाले थोडे जास्त जगले, मायट्रलच्या जागी फरक नव्हता. २०१७ साली कॅलिफोर्नियाच्या रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं की मेटलचा जगण्यातला फायदा मायट्रलच्या जागी सत्तरीपर्यंत, तर एऑर्टिकच्या जागी पंचावन्नपर्यंतच राहतो. याच सुमाराचे आकडे मार्गदर्शक तत्त्वांत आहेत. अमेरिकेत एऑर्टिकसाठी पन्नाशीच्या आत बहुधा मेटल, पासष्टीनंतर टिश्यू, मधल्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवायचं.

पण हे आकडे गृहीत धरतात की गोळी घेणारा माणूस वेळच्या वेळी आयएनआर करून घेतो. इथं मला तक्ता बाजूला ठेवून विचारावंसं वाटतं: लॅब किती लांब आहे? गडचिरोलीच्या आतल्या गावातून, किंवा ऊसतोडीला सहा महिने फिरतीवर असलेल्या माणसाला, महिन्यातून एकदा रक्त तपासून आकडा डॉक्टरांना कळवता येईल का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याची शस्त्रक्रिया बसते. पुढची तीस वर्षं तालुक्याला जाण्या-येण्याचं भाडं आणि बुडालेली रोजी ही मात्र घरातूनच जाते. टोळीबरोबर फिरणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला तक्ता ‘मेटल’ सांगतो. मी सर्जन नाही, पण त्याच्या जागी माझा भाऊ असता तर टिश्यूबद्दल दोनदा विचारलं असतं. आणि मेटलच ठरली तर दवाखान्यातून सुटायच्या आधी आयएनआर कुठे, कोण, कधी करणार हे कागदावर लिहून घेतलं असतं.

सगळ्यात अवघड निवड तरुण बाईची. समजा चोवीस वर्षांची मुलगी आहे, मायट्रल पूर्ण खराब झाली आहे, लग्न व्हायचं आहे किंवा नुकतंच झालं आहे. मेटलची बसवली तर झडप टिकेल. पण वॉरफॅरिन आणि त्याच्या जातीच्या गोळ्या नाळेतून बाळापर्यंत जातात. गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्यांनी बाळाच्या नाकाची, हाडांची वाढ बिघडू शकते, गर्भपाताचा धोकाही वाढतो. गोळी कमी डोसची असेल तर धोका कमी. त्या आठवड्यांत गोळी थांबवून हेपरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाची इंजेक्शनं देता येतात, पण तेव्हा आईच्या झडपेवर गुठळी धरण्याची भीती वाढते. एकाचा धोका कमी केला की दुसऱ्याचा वाढतो. टिश्यूची बसवली तर बाळंतपण पुष्कळ सोपं, पण मूल शाळेत जाण्याच्या वयाचं होईपर्यंत तिच्यावर दुसरी शस्त्रक्रिया ओढवू शकते.

याचं एक उत्तर नाही. मात्र एक गोष्ट मी वारंवार पाहिली आहे. हा निर्णय वडील घेतात, भाऊ घेतो, कधी होणारे सासरे. ‘छातीवरचा वण दिसेल का’ याची चर्चा होते, आणि तिला मूल हवं आहे का, कधी हवं आहे, हे तिला कुणी विचारतच नाही. तिच्याशी एकटीशी, घरचे बाहेर ठेवून, पाच मिनिटं बोला असं डॉक्टरांना सांगायला कुणी तरी हवं. आणि मेटलची झडप असलेल्या बाईनं दिवस गेल्याचं कळायची वाट न बघता, मूल हवं असं ठरवतानाच हृदयाच्या डॉक्टरांना भेटायचं असतं. पाळी चुकल्यावर घाबरून गोळी बंद करणं हा सर्वांत वाईट मार्ग.

एऑर्टिकसाठी आणखी एक रस्ता निघाला आहे. १६ एप्रिल २००२ रोजी फ्रान्समध्ये रूआँ इथं अलँ क्रिबिए यांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून घडी केलेली टिश्यूची झडप नेऊन, छाती न उघडता, जुन्या झडपेच्या आत उलगडली. याला टावी म्हणतात. आपल्याकडेही होते, वापीच्या एका कंपनीची भारतीय झडपही त्यासाठी आहे. वयस्कर माणसासाठी वरदानच, पण खर्च मोठा. याच रीतीनं, खराब झालेल्या टिश्यूच्या झडपेत नवी झडपही बसवता येते. त्यामुळे आता काही जण पन्नाशीतच म्हणतात, टिश्यू घेऊ, पुढची मांडीतून घालू. म्हणणं बिनबुडाचं नाही. फक्त कपात कप घातला की आतली जागा कमी होते. पहिली झडप लहान मापाची असेल तर दुसरीतून रक्त अडखळतं. म्हणून हा बेत असेल तर तो पहिल्या शस्त्रक्रियेआधी सर्जनना सांगायचा, म्हणजे माप आणि जागा त्या हिशेबानं बघता येते.

रॉस नावाचीही एक शस्त्रक्रिया आहे. त्यात रुग्णाचीच उजव्या बाजूची झडप काढून एऑर्टिकच्या जागी बसवतात. निवडक तरुणांसाठी उत्तम, पण तिच्यात मुरलेले सर्जन थोडे, आणि ऱ्हुमॅटिक आजारात ती सहसा करत नाहीत.

मामांच्या झडपेला आता अठरा वर्षं झाली. रात्री सगळं शांत झालं की खोलीत टिकटिक ऐकू येते. मामींना पहिले महिने झोप लागायची नाही, आता ती ऐकू आली नाही तर जाग येते. आणि ते बरोबरच आहे. मेटलच्या झडपेचा आवाज अचानक मंदावला, सोबत दम लागायला लागला, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा असतो. त्यांच्या वहीत दर महिन्याचा आयएनआर लिहिलेला आहे, गणपतीत पातोळे खाल्ल्याची नोंदसुद्धा. पाकिटात आधार कार्डाच्या मागे दवाखान्यानं दिलेलं छोटं कार्ड असतं. झडप कुठली, कुठल्या जागी, कुठलं माप, क्रमांक काय. त्या इंजेक्शननंतर मामींनी त्याच्यावर लाल पेनानं मराठीत लिहिलं: ‘कमरेवर सुई टोचू नये.’